परभृत आणि परभृत्

संस्कृत भाषेंत कोकिळाला आणि कावळ्याला जीं अनेक नांवें आहेत त्यांत एक जोडी मोठी चमत्कारिक आहे. कोकिळ हा ‘परभृत’, म्हणजे दुसऱ्यानें पोसलेला. आणि कावळा हा ‘परभृत्’, म्हणजे दुसऱ्याला पोसणारा. अमरकोशांत हे दोन्ही शब्द थोड्याच अंतरावर आलेले आहेत. शेवटल्या अक्षराचा पाय मोडला कीं ऋणको धनको होतो! परंतु या दोन शब्दांचें नशीब सारखें नाहीं. पहिला काव्यांत गेला, नाटकांत गेला, वसंतवर्णनांत तर त्याचा सुकाळच झाला. दुसरा कोशाबाहेर क्वचितच पडला. जी गोष्ट शब्दांची तीच विचाराची. परक्याच्या घरट्यांत अंडें टाकणाऱ्या पक्ष्याविषयीं माणूस हजारों वर्षें बोलत आला. पण ज्याच्या घरट्यांत तें अंडें पडतें त्याला कांहीं कळतें कीं नाहीं, आणि कळत असल्यास तो करतो काय, हा प्रश्न नीट विचारला जाण्यास फारच उशीर झाला. त्या उशिराचा, आणि प्रश्न विचारल्यावर जें हातीं आलें त्याचा, वृत्तांत येथें सांगावयाचा आहे.

ही रीत आपल्या पूर्वजांच्या किती लवकर लक्षांत आली होती हें पाहिलें म्हणजे नवल वाटतें. शुक्ल यजुर्वेदाच्या वाजसनेयी संहितेंत, चोविसाव्या अध्यायांत, अश्वमेधप्रसंगीं निरनिराळ्या देवतांना नेमून दिलेल्या पशुपक्ष्यांची एक लांबलचक यादी आहे. तींत ‘अन्यवाप’ असें एक नांव येतें. मॅक्डोनेल व कीथ या पंडितांनीं १९१२ सालीं प्रसिद्ध केलेल्या आपल्या वैदिक नामांच्या कोशांत त्याचा अर्थ कोकिळकुळांतला पक्षी असा दिला आहे, आणि त्याचें कारणहि सांगितलें आहे. वाप म्हणजे पेरणी. दुसऱ्याकडे पेरतो तो अन्यवाप. सोलापुरासारख्या अवर्षणाच्या मुलुखांतल्या वाचकाला हा शब्द विशेष गोड लागावा. रोहिणी नक्षत्र सरतां सरतां बांधावरच्या लिंबावर पावशा ओरडूं लागला कीं शेतकऱ्याच्या कानाला ‘पेर्ते व्हा, पेर्ते व्हा’ असे शब्द ऐकूं येतात. पावशा हाहि कोकिळाचा भाऊबंद. त्याचीं अंडीं वाढतात तीं सातभाईंच्या घरट्यांत. साऱ्या गांवाला पेरणीची आठवण देणाऱ्या या गृहस्थाचें स्वत:चें बीं नेहमीं परक्याच्या शेतांत पडतें!

वेदांतलें हें नांव नुसतें वर्णन करणारें आहे. त्यांत दोष दिलेला नाहीं. दोष देण्यास आरंभ केव्हां झाला तें सांगणें कठीण, पण त्याचें अत्यंत प्रसिद्ध उदाहरण सर्वांना ठाऊक आहे. ‘अभिज्ञानशाकुंतला’च्या चौथ्या अंकांत शकुंतला सासरीं निघते तेव्हां तपोवनांतले वृक्ष तिला निरोप देतात तो कोकिळाच्या स्वरानेंच. पुढच्याच अंकांत दुष्यंत तिला ओळखीत नाहीं, आणि स्त्रीजातीला न शिकवितांच कपट येतें याचा दाखला म्हणून त्याच पक्षिणीकडे बोट दाखवितो: पिलें आकाशांत उडूं लागेपर्यंत ती त्यांना दुसऱ्या पक्ष्यांकडून वाढवून घेते, असें तो भर सभेंत म्हणतो. एका अंकांत आशीर्वाद आणि दुसऱ्यांत आरोप. हा घाव दिसतो त्याहून खोल आहे, कारण ज्या मुलीवर तो पडला ती स्वत:च परभृता होती. मेनकेनें टाकलेल्या त्या अर्भकाला महाभारताप्रमाणें शकुंत पक्ष्यांनीं राखलें आणि कण्वानें वाढविलें. राजाला दिसलें तें कोकिळेचें कपट. परक्या पिलाच्या चोंचींत ज्यानें घास घातला त्याच्याविषयीं तो एक अक्षरहि बोलत नाहीं. कण्व काय किंवा कावळा काय, पोसणाऱ्याची साक्ष त्या दरबारांत कोणी काढली नाहीं.

(जातां जातां एक गोष्ट सांगितली पाहिजे. कवींनीं गाण्याचें श्रेय कोकिळेच्या पदरांत घातलें आहे. वस्तुत: ‘कुहू कुहू’ करतो तो काळा, लाल डोळ्यांचा नर. अंडें टाकणारी मादी तपकिरी, पांढऱ्या ठिपक्यांची असते, आणि तिचा आवाज कर्कशच म्हणावा लागेल.)

ॲरिस्टॉटललाहि ही रीत ठाऊक होती, आणि त्यानें ती दुष्यंतापेक्षां उदार मनानें पाहिली. आपल्या अंगीं भित्रेपणा आहे, पिलांचें रक्षण आपल्याकडून व्हावयाचें नाहीं, हें ओळखून हा पक्षी आपली संतति दुसऱ्याच्या ओटींत घालतो, तेव्हां हें शहाणपणच आहे, असा त्याचा अभिप्राय आहे. जहांगीर बादशहाची नोंद मात्र याहून वेगळ्या तऱ्हेची आहे. त्यानें आपल्या आत्मवृत्तांत कोकिळाच्या डोळ्यांचा रंग, नरमादींतला भेद व आवाज हीं सारीं टिपून ठेविलीं आहेत. कावळ्याचें घरटें मोकळें सांपडलें कीं कोकिळा त्यांतलीं अंडीं फोडून फेकते आणि आपलीं घालते, कावळा तीं आपलींच समजून उबवितो, असें सांगून हा प्रकार आपण अलाहाबादेस स्वत: पाहिला असें तो पुढें लिहितो. सगळीं अंडीं फेकलीं जातात हें आजच्या निरीक्षणाशीं जुळत नाहीं. पण ‘मीं स्वत: पाहिलें’ हे शब्द या विषयाच्या इतिहासांत फार मोलाचे आहेत. तथापि बादशहाचाहि कावळा ‘आपलींच समजतो’ एवढ्यावरच थांबतो. तो कां समजतो, हें विचारण्याची वेळ आली नव्हती.

युरोपांत डोळे घरट्याच्या आंत वळले ते एडवर्ड जेन्नरमुळें. देवीच्या लशीचा हा जनक १७९६ च्या त्या प्रयोगापूर्वीं खेड्यांतला एक पक्षिनिरीक्षक वैद्य होता. १७८८ सालीं रॉयल सोसायटीपुढें आलेल्या त्याच्या निबंधांत डनक् नांवाच्या एका साध्या, चिमणीएवढ्या पक्ष्याच्या घरट्यांतला प्रकार वर्णिला आहे. विलायती ककूचें नुकतें फुटलेलें, आंधळें, उघडें पिलूं घरट्यांतलें दुसरें अंडें किंवा पिलूं पाठीवर घेतें, मागें मागें सरकत कांठावर चढतें आणि भार बाहेर टाकून देतें. त्याकरितां त्याच्या पाठीवर एक खोलगट जागा असते व ती सुमारें बारा दिवसांनीं भरून येते, इतकें बारीक जेन्नरनें पाहिलें होतें. लोकांचा विश्वास बसेना. पुढें जेमायमा ब्लॅकबर्न नांवाच्या स्कॉटिश चित्रकर्तीनें तोच प्रकार डोळ्यांनीं पाहून त्याचें चित्र काढलें, तेव्हां कोठें १८७० नंतर शंका मावळल्या. मादी अंडें घरट्यांत थेट घालते कीं चोंचींतून आणून ठेवते, हा वाद तर एडगर चान्सनें १९२१ च्या सुमारास चलच्चित्र घेईपर्यंत चाललाच होता. एवढा सगळा खटाटोप पाहुण्याच्या चरित्रासाठीं झाला. यजमान बिचारा चित्राच्या कोपऱ्यांतच बसून राहिला.

आपल्या दख्खनकडे वळूं. येथल्या यजमानांची पहिली शास्त्रीय नोंद केली ती कर्नल साइक्स यांनीं. मुंबई सरकारच्या चाकरींत दख्खनची पाहणी करतां करतां त्यांनीं येथल्या पक्ष्यांची यादी तयार केली, ती १८३२ सालीं प्रसिद्ध झाली. माळावर, बाभळींच्या रांगांत, पांच-सहा-आठ असा जथा करून कलकल करीत हिंडणारा मोठा राखी सातभाई त्यांतच प्रथम नोंदला गेला, आणि त्याला मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांचें नांव मिळालें. गव्हर्नरसाहेबांना हा मान कितपत रुचला असेल कोण जाणे! नंतर ॲलन ह्यूम यांनीं, म्हणजे १८८५ च्या काँग्रेसच्या स्थापनेशीं ज्यांचें नांव निगडित आहे त्याच ह्यूमसाहेबांनीं, हिंदुस्थानांतल्या पक्ष्यांच्या घरट्यांवर व अंड्यांवर १८७३ पासून मोठा ग्रंथ काढला. त्यांच्याच ‘स्ट्रे फेदर्स’ या नियतकालिकाच्या सातव्या खंडांत, १८७८ सालीं, डेव्हिडसन आणि वेन्डन यांचा दख्खनच्या पक्ष्यांवरील निबंध आला. डेव्हिडसन हे सनदी नोकर होते, आणि त्यांच्या नोंदींत सोलापूर व सातारा हीं नांवें पुन: पुन: येतात. आपल्या जिल्ह्यांत कोण घरटें करतो आणि कोण नुसता येऊन जातो, हा भेद कागदावर आला तो या पिढीमुळें. अंडीं गोळा करण्याचा त्या काळच्या साहेबांचा शौक आजच्या दृष्टीला निष्ठुर वाटतो, आणि तो होताहि. पण त्या पेट्यांत ठेवलेलीं अंडीं शेजारीं शेजारीं मांडल्यावांचून पुढचा प्रश्न सुचता ना.

तो प्रश्न असा. सातभाईचें अंडें गडद निळें, नितळ, जणूं पिरोज्याचा मणी. पावशाचें अंडें निळें. चातकाचें अंडेंहि निळेंच. कावळ्याचें अंडें हिरवट, त्यावर तपकिरी शिंतोडे. कोकिळेचें त्याहून लहान, पण तशाच हिरवट करड्या अंगाचें व तांबूस तपकिरी शिंतोड्यांचें. हा सारखेपणा कोणी घडविला?

स्टुअर्ट बेकर यांनीं याचें उत्तर देण्यांत आयुष्य घालविलें. आसामांत पोलिस खात्यांत नोकरी, बिबट्याशीं झालेल्या झटापटींत डावा हात गमावलेला, आणि छंद मात्र झाडाझुडपांतलीं घरटीं धुंडाळण्याचा! १९४२ सालीं प्रसिद्ध झालेल्या परभृतांवरील ग्रंथांत त्यांनीं मांडलेला मुद्दा थोडक्यांत हा कीं, चित्रकार पाहुणा नव्हे, यजमान आहे. जें अंडें विजोड दिसतें तें यजमान फेकून देतो किंवा तें घरटेंच सोडून जातो. जें जुळतें तें वांचतें. आणि अशा पिढ्यान् पिढ्यांच्या निवडीनें परभृताचें अंडें यजमानाच्या अंड्यासारखें होत जातें. बेकर यांच्या संग्रहांतील कांहीं नोंदींवर पुढें संशोधकांनीं शंका घेतल्या आहेत, हें येथें सांगणें प्राप्त आहे. परंतु मुद्दा टिकला. चातकाकडेच पाहा ना. हिंदुस्थानांत सातभाईंच्या घरट्यांत निळें अंडें घालणारा हाच पक्षी दक्षिण आफ्रिकेंत बुलबुलांच्या घरट्यांत अंडीं घालतो, आणि तेथें तीं पांढरीं असतात. तेथला बुलबुल तें विजोड अंडें निमूटपणें उबवितो. २०११ सालीं क्र्यूगर या संशोधकानें दाखविलें कीं, हा मूर्खपणा नसून नाइलाज आहे: तें अंडें इतकें मोठें व जाड कवचाचें असतें कीं तें उचलून फेकणें बुलबुलाला जड जातें, आणि घरटें सोडून नव्यानें संसार मांडणें त्याहून महाग पडतें.

आतां कावळ्याकडे येऊं. घरोघरच्या कथांत कावळा हा लबाड. पण कोकिळेचें नांव निघालें कीं तोच एकाएकीं भोळसट ठरतो. पितृपक्षांत ज्याची आपण हात जोडून वाट पाहतों त्याच्याविषयींचें आपलें मत इतकें अस्थिर असावें हें गमतीचेंच. कावळा भोळा आहे काय, याची परीक्षा लाहोरास असतांना डग्लस ड्यूअर या सनदी नोकरानें केली. त्यानें कोकिळेचीं अंडीं स्वत: कावळ्यांच्या घरट्यांत ठेवून पाहिलीं, त्याचा निबंध मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकांत १९०७ सालीं आला. निष्कर्ष असा कीं, अंड्यांच्या बाबतींत कावळ्याची दृष्टि मुळींच चिकित्सक नाहीं. मग चिकित्सा गेली कोठें? ती घरट्याबाहेर दिसते. कोकिळ दृष्टीस पडला कीं कावळे त्याच्यावर तुटून पडतात. उन्हाळ्याच्या अखेरीस सोलापुरांत तलावाकांठच्या किंवा बंगल्यांच्या आवारांतल्या झाडांवर हा पाठलाग कोणालाहि पाहतां येईल. नर मुद्दाम पुढें येऊन कावळ्यांना आपल्यामागें धांवावयास लावतो आणि तेवढ्यांत मादी आपलें काम उरकते, असें अनेक निरीक्षकांनीं लिहिलें आहे. म्हणजे कावळा वेशीवर लढतो; एकदां वेस ओलांडली गेली कीं घरांत आलेल्याला तो परका म्हणत नाहीं.

आणि परका म्हणून हांकलण्याची निकड त्याला विलायती डनकाइतकी नाहींहि. कोकिळेचें अंडें बारा ते चौदा दिवसांत फुटतें, कावळ्याचें सोळा-सतरा दिवसांत. त्यामुळें पाहुणा आधीं जन्मतो आणि घांसासाठीं पुढें असतो. पण तो जेन्नरच्या पिलासारखा घरट्यांतल्या भावंडांना बहुधा ढकलून देत नाहीं. पहिलीं पिसें काळीं असलेलें तें पिलूं कावळ्याच्या पिलांबरोबरच वाढतें, आणि कावळ्याच्या पदरांत स्वत:चीं एकदोन पिलें तरी पडतात. जो कर भरून संसार चालतो, त्याच्यासाठीं घरदार सोडून कोणी परागंदा होत नाहीं.

१९८८ सालीं केंब्रिजजवळच्या दलदलींत डेव्हीस आणि ब्रूक या दोघांनीं बोरूच्या बेटांतल्या वटवट्यांच्या घरट्यांत रंगविलेलीं खोटीं अंडीं ठेवलीं. विजोड रंगाचें अंडें वटवट्यांनीं बहुधा नाकारलें, जुळणारें ठेवून घेतलें. जेन्नरच्या त्या डनकानें मात्र वाटेल त्या रंगाचें अंडें स्वीकारलें, स्वत:चीं अंडीं निळीं असूनहि. यावरून असा तर्क केला जातो कीं, हा यजमान परभृताच्या तावडींत अलीकडेच सांपडला आहे, त्याचे डोळे अजून उघडावयाचे आहेत. हा तर्क मान्य केला तर आपल्या माळावरच्या निळ्या अंड्यांना एक वेगळाच अर्थ येतो. सातभाईच्या घरट्यांतलें चातकाचें निळें अंडें ही सातभाईच्या पराभवाची खूण खरी. पण त्याचे पूर्वज कधीं काळीं डोळसपणें अंडीं पारखीत होते, याचीहि ती खूण आहे.

अंडें पारखणारा यजमान पिलूं कां पारखीत नाहीं? आपल्याहून मोठ्या, आपल्याशीं कसलेंहि साम्य नसलेल्या पिलाला तो ऊर फुटेपर्यंत भरवितो, हें दृश्य पाहून माणसाला हंसूं तरी येतें किंवा रडूं तरी. १९९३ सालीं लोटेम या संशोधकानें याचें जें उत्तर सुचविलें तें मला या साऱ्या विषयांतलें सर्वांत मर्मभेदी वाटतें. पक्षी आपलें पिलूं ओळखावयास शिकणार तें पहिल्या विणीवरून. पण त्या पहिल्याच विणींत घरटें लुबाडलें गेलें आणि ककूच्या पिलानें बाकीचीं सारीं ढकलून दिलीं, तर त्या आईबापांपुढें ‘आपलें पिलूं’ म्हणून एकटा ककूच उरतो. तेंच रूप मनांत ठसलें तर पुढें जन्मभर तीं स्वत:चीं पिलें परकीं म्हणून नाकारतील. अशा स्थितींत शिकण्यापेक्षां न शिकणें पुरवतें! जेथें पिलें मिसळून वाढतात त्या कावळ्याच्या घरट्याला हा युक्तिवाद जसाच्या तसा लागू होत नाहीं. परंतु आंधळेपणा म्हणून आपण ज्याला हंसतों त्यामागें कोठें तरी हिशेब असतो, हें तो शिकवितो. नियमाला अपवादहि आहेत. ऑस्ट्रेलियांतली एक चिमुकली निळी फेअरी रेन सुमारें शेंकडा ४० वेळां परभृताचें पिलूं ओळखून घरटें सोडून देते, असें लँगमोर बाईंनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं २००३ सालीं प्रसिद्ध केलें. उलट स्पेनमध्यें कावळ्याच्या एका जातीच्या घरट्यांत वाढणारें, आपल्या चातकाच्या जवळच्या नात्यांतलें एक पिलूं संकटप्रसंगीं असा दुर्गंधी स्राव सोडतें कीं त्यामुळें शत्रु दूर राहतात. पाहुणा असलेल्या घरट्यांतून निदान एक तरी काकपुत्र बाहेर पडण्याचा संभव वाढतो, असें कानेस्त्रारी व त्यांच्या सहकाऱ्यांना २०१४ सालीं आढळलें. तेव्हां कोण कोणाच्या उपकाराखालीं आहे, हें घरट्यागणिक आणि वर्षागणिक बदलूं शकतें.

सातभाईंच्या बाबतींत आणखी एक विशेष आहे. या पक्ष्यांत पिलें वाढविण्याचें काम एका जोडप्याचें नसतें. जथ्यांतले इतरहि घांस आणतात. २०१३ सालीं जगांतील अनेक पक्ष्यांची तुलना करून फीनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं दाखविलें कीं, अशा एकत्र कुटुंबांवर परभृतांचा डोळा अधिक असतो, कारण खाऊ घालणारे हात अधिक. पण पहारा करणारे डोळेहि अधिक असल्यानें मोठ्या जथ्याला घर राखणें सोपें जातें. एकत्र कुटुंबांत वाढलेल्या वाचकाला यांतलें पूर्वार्ध व उत्तरार्ध दोन्ही पटतील. या पहाऱ्याला चकविण्याकरितां पावशानें वेष घेतला आहे तो शिक्र्याचा. पाठ राखी, छातीवर पट्टे, शेपटीवर पट्टे, उडण्याची ढबहि तीच. तो आला कीं लहान पक्षी पळतात, आणि तेवढीच घटका त्याला हवी असते. चातकाला असें सोंग नाहीं; तो घाईवर भिस्त ठेवतो. सकाळच्या वेळीं घरट्याच्या कांठावर क्षणभर बसून मादी वरूनच अंडें सोडते, इतकें घाईनें कीं खालचें एखादें निळें अंडें तडकतेंहि.

सोलापुरांत जन्मलेले मारुति चितमपल्ली यांनीं आपल्या ‘पक्षिकोशा’त या पक्ष्यांचीं संस्कृत, मराठी व बोलींतलीं नांवें एकत्र आणून ठेविलीं. २००६ सालीं सोलापुरास भरलेल्या साहित्यसंमेलनाचे ते अध्यक्ष होते, आणि २०२५ सालीं सोलापुरांतच त्यांचें देहावसान झालें. नांवांचा हा साठा ज्याच्या हाताशीं आहे त्यानें मृगाच्या पहिल्या सरीनंतर शहराबाहेरच्या एखाद्या बाभुळबनांत जाऊन पाहावें. काळापांढरा, तुऱ्याचा चातक तेथें आलेला असतो. पावसाळा सरत आला म्हणजे सातभाईंच्या जथ्यांत एक विजोड, लांब शेपटीचें पोर चोंच वासून मागत हिंडतांना दिसेल. त्यानें आपले आईबाप कधीं पाहिलेले नसतात, आणि आफ्रिकेची वाट त्याला कोणी दाखविलेली नसते. कांहीं दिवस सातभाई त्याला भरवितात. मग एके दिवशीं तें निघून जातें, आणि सातभाई त्याच बाभळींखालीं पालापाचोळा उलटीत किडे शोधूं लागतात.